चित्राला विचारा, किती वाजले?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लातूरच्या, घर गंजगोलाई या तिथल्या गोल बाजारपेठेपासून चालत पाच मिनिटांवर. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालीय, शाळेत चित्रकला शिकवता. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगातली शहरचित्रं मोबाइलवर बघता बघता मध्यरात्र उलटते. ओला रस्ता, जुना वाडा, दुकानातून बाहेर सांडलेला पिवळा उजेड, छत्री घेऊन पाठमोरा चाललेला माणूस. बघून आत काहीतरी कालवतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या जुन्या सरांनी मात्र "ही कॅलेंडरची चित्रं, यात विचार नाही" म्हणून विषय मिटवला. आता तुम्हाला कळेना, की आपली आवड कच्ची आहे का, असं चित्र नीट बघायचं कसं, आणि आपल्या मराठवाड्यातल्या गावांची अशी चित्रं होतील का. जाता जाता विचारलंय, एखादी प्रिंट घेऊ का.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. परभणीत दुकानांचे बोर्ड रंगवण्यापासून सुरुवात केली. मग औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कला शिकलो, शाळेत ड्रॉइंगचा मास्तर म्हणून आयुष्य काढलं, निवृत्त झालो. जलरंग मात्र रोजचे. गुलमंडी, शहागंज, भडकल दरवाजा इतक्यांदा रंगवलाय की तिथले चहावाले आता मला बाकडं आणून देतात.

आवडीचं आधी. आवड कच्ची नाही. पण तुम्ही चित्र बघितलेलं नाही, चित्राचा फोटो बघितलाय, आणि या जातीच्या चित्रात हा फरक फार मोठा आहे. मोबाइलच्या पडद्याला मागून उजेड असतो. तिथला पिवळा स्वतःच दिव्यासारखा पेटलेला असतो. कागदावरच्या पिवळ्याला असलं काही मिळत नाही. खोलीत जेवढा उजेड असेल त्यातला थोडा तो परत पाठवतो, बस. म्हणजे कागदावर दुकानातला दिवा "लागलाय" असं वाटवायचं, तर चित्रकाराला पिवळ्याच्या आजूबाजूला खटपट करावी लागते. ती खटपट हाच या चित्रांचा खरा मजकूर आहे, आणि मोबाइलवर नेमकी तीच दिसत नाही. त्यात मूळ चित्र साधारण 15 बाय 22 इंचांचं, म्हणजे अर्ध्या इम्पीरियल कागदाचं असतं, आणि तुम्ही ते तळहाताएवढं बघता. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कुठं सुकू दिलाय, कुठं ओला असतानाच दुसरा रंग सोडलाय, कुठं कोरा कागद राखलाय, हे त्या आकारात कळणं शक्य नाही.

एक प्रयोग करा. जुन्या पोस्टकार्डाला मधोमध वाटाण्याएवढं भोक पाडा. मुळिकांच्या एखाद्या पुस्तकातलं छापील चित्र घ्या (त्यांची जलरंगावरची, यथार्थदर्शनावरची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हवरची, पुस्तकं आपल्याकडं बऱ्याच ड्रॉइंग मास्तरांच्या कपाटात असतात) आणि ते भोक बरोबर त्या उजळलेल्या दारावर ठेवा. एकटा पडलेला तो रंग बघा. बहुतेक वेळा साधा फिका पिवळा ऑकर निघतो, डाळीच्या पाण्यासारखा. आता भोक बाजूच्या भिंतीवर सरकवा. जिला तुम्ही "काळोख" समजत होता, ती भिंत निळसर जांभळी करडी निघेल. पोस्टकार्ड उचला, दार पुन्हा पेटेल. ऊब त्या करड्यात होती.

मला हे कळलं बोर्डाच्या धंद्यात. परभणीत ज्या उस्तादांच्या हाताखाली होतो, त्यांनी एकदा मला एका मिठाईवाल्याच्या बोर्डावरची अक्षरं रंगवायला दिली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. ("जमीन" म्हणजे बोर्डाचा मागचा रंग, धंद्यातला शब्द आहे.) अक्षरं काही केल्या उठेनात. मी पिवळ्या एनॅमलचे हात चढवत गेलो, दुसरा, तिसरा. उस्ताद बिडी ओढत बघत होते. शेवटी म्हणाले, "पीला नक्को डाल रे और. जमीन गहरी कर." निळ्यात थोडा काळा मिसळून अक्षरांच्या भोवतीनं फिरवला आणि बोर्ड रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला लागला. पुढं कला महाविद्यालयात उष्ण रंग आणि शीत रंग यांवर तासच्या तास व्याख्यानं ऐकली, पण त्या दिवसापलीकडचं त्यात फार नव्हतं.

जलरंगात हे जास्त अवघड जातं, कारण पांढरा रंग सहसा ट्यूबमधून घेत नाहीत, कागदच पांढरा. उजेड आधी ठरवून राखून ठेवावा लागतो, मागाहून आणता येत नाही. म्हणून बरेच जलरंगकार आधी सगळ्या कागदावर ऑकरचा पातळ वॉश देतात, उजेडाच्या जागा सोडतात, आणि मग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून सावल्यांचे करडे चढवतात. या दोन रंगांची गंमत अशी की एक थंड, एक उबदार, आणि मिसळताना तुम्ही हवा तिकडे तोल ढकलू शकता. एकाच सावलीत वरचा भाग आकाशाकडं निळा झुकलेला, खालचा भाग तापलेल्या जमिनीकडं तांबूस. मुळिकांच्या सावल्या बघताना एवढंच बघा, की ती सावली एका रंगाची आहे की चालता चालता रंग बदलते. चांगल्या चित्रात ती बदलत असते. हेच बघायला जुनं उदाहरण हवं असेल, तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवा, जे अजूनही अनेकजण राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. ते आपल्या सावंतवाडीकडच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, आणि जलरंगात आहे. ज्योत तळहातानं झाकलेली, उजेड बोटांतून लालसर झिरपतोय, आणि बाकी बहुतेक चित्र अंधार.

आता तुमच्या सरांचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. उबदार, हुरहूर लावणाऱ्या शहरचित्रांचा बाजार आहे, आणि बाजारात खोटा माल पुष्कळ असतो. सोनेरी संध्याकाळ, कंदील, म्हातारा, सायकल, चार गोष्टी एकत्र केल्या की गिऱ्हाईक "अहाहा" म्हणतं. मीही केलंय. एका कार्यालयाच्या स्वागतकक्षासाठी मी तसलं एक चित्र काढून दिलं होतं. त्या पैशातून मुलीची सायकल आली, पण पुढं त्या इमारतीत जायचं काम निघालं की मी मागच्या जिन्यानं जायचो.

खरं कोणतं, खोटं कोणतं, हे ओळखायला मी एकच प्रश्न वापरतो. चित्राला विचारायचं, किती वाजले?

खोट्या चित्राकडं याचं उत्तर नसतं. ते म्हणतं "संध्याकाळ". कुठली संध्याकाळ, कुठल्या महिन्यातली, दिवे लागून किती वेळ झाला, ते त्याला ठाऊक नसतं. सावल्या एकीकडं पडलेल्या, आकाश दुसऱ्याच वेळेचं, खिडकीतला दिवा भर उन्हातही तेवढाच पिवळा. खरं चित्र मात्र नेमकं सांगतं, की ऑक्टोबर आहे, सहा वाजलेत, दुकानातले दिवे लागलेत पण रस्त्यावरचे अजून नाहीत, पश्चिमेकडं तोंड असलेल्या भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यावर ऊन शिल्लक आहे आणि दहा मिनिटांत तेही जाणार. पोटात कालवतं ते या दहा मिनिटांमुळं. फ्रेंच चित्रकार कामीय पिसारोनं 1897 मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून बुलेव्हार मोंमार्त्र या एकाच रस्त्याची 14 चित्रं काढली. सकाळ, पाऊस, धुकं, गर्दी, आणि त्यात रात्रीचं फक्त एक, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रस्ता, खिडकी, माणूस, तिन्ही तेच. बदलत होती ती फक्त वेळ आणि हवा, आणि तेवढ्यावर त्यानं 14 कॅनव्हास रंगवले. त्याला नुसती "संध्याकाळ" पुरली नसती.

मुळिकांच्या चांगल्या चित्रांना वेळ कळते. सगळ्याच चित्रांना कळते असं म्हणणार नाही. हात इतका सफाईदार झाला की कधीकधी हातच चित्र काढतो आणि डोळा नुसता सोबत बसतो, हे प्रत्येक तयार चित्रकाराच्या बाबतीत होतं, त्यांच्याही काही चित्रांत मला ते जाणवतं. पण त्यांचा पाया पक्का आहे. घरात वडील प्रताप मुळीक, ज्यांची कॉमिक्समधली चित्रं, नागराज वगैरे, आपल्या पिढीनं वाचनालयातून आणून चघळली. स्वतः शिकले अभियांत्रिकी. इमारत कशी उभी असते, छप्पर कशावर टेकतं, हे ज्याला माहीत असतं त्याला ती तीन फटकाऱ्यांत सोडून देता येते. नवशिके उलटं करतात. फटकारे उचलतात, इमारत राहून जाते.

माणसांचंही तसंच. या चित्रांतली माणसं बघा. डोकं म्हणजे एक ठिपका, अंग गाजरासारखं खाली निमुळतं, पाय जवळजवळ नाहीत. चेहरा नाही. तुम्ही विचाराल, मग ओळखीचं काहून वाटतं? कारण पाठमोऱ्या माणसाचा चेहरा आपण पुरवतो. माझ्या एका चित्रात पैठण गेटजवळ पिशवी घेऊन चाललेला एक माणूस होता. प्रदर्शनात एक बाई त्यासमोर बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचे आण्णा असेच चालायचे." मी त्या माणसाला दीड मिनिट दिलं होतं. डोळे-नाक काढलं असतं तर तो त्यांचा आण्णा होऊ शकला नसता.

तुमच्या सरांना जे खटकतंय ते बहुधा इथंच आहे. बिनचेहऱ्याची माणसं सुखावतात, पण जाब विचारत नाहीत. सरांना दाखवायचंच असेल तर सुधीर पटवर्धनांच्या चित्रांशी हे ताडून बघा, आणि दोघंही मिळून बघा. पटवर्धन जन्मानं पुण्याचेच, 1949 चे. डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात 2005 पर्यंत दवाखाना चालवत चित्रं काढली. 1977 चं 'इराणी रेस्टॉरंट', 1980 चं 'ट्रेन', 2001 चं 'लोअर परळ' ही त्यांची चित्रं छापील रूपात सहज बघायला मिळतात. तिथंही शहरच आहे, कामावर जाणारी, थकलेली माणसं आहेत. पण त्या माणसांना वजन आहे, हाडं आहेत. गिरणगावातून गिरण्या जाऊन तिथं काय उभं राहिलं, हे 'लोअर परळ' विसरू देत नाही. मुळिकांच्या रस्त्यावरून मी घरी जातो. पटवर्धनांच्या रस्त्यावर मला थांबवून ठेवतात. मला दोन्ही लागतं. सरांना एकच लागत असेल तर लागू द्या, पण दुसऱ्याला त्यांनी "विचार नाही" म्हणू नये. कुठल्या भिंतीवरचं ऊन राखायचं आणि कुठलं जाऊ द्यायचं हा विचारच असतो, तो ब्रशनं केलेला असतो एवढंच.

पण मुळिकांच्या पिढीमुळं एक नुकसान झालं, त्याचा दोष त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या होतकरू जलरंगकारांनी त्यांचा ओला रस्ता उचलला. ओल्या डांबरावर दिव्याची उभी प्रतिबिंबं सोपी असतात आणि लगेच "दिसतात". 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तुम्हाला आठवत असेलच, घागरींच्या रांगा. त्याच उन्हाळ्यात मी आपल्याच भागातल्या एका स्पर्धेला परीक्षक होतो. टेबलावर शहरचित्रं मांडली होती आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त चित्रांत पाऊस पडत होता! बाहेर 42 अंश, ग्लासात टँकरचं पाणी, आणि समोर चकचकीत ओले रस्ते, छत्र्या, रिक्षांची लाल प्रतिबिंबं. मी कुणाला रागावलो नाही. पण एका मुलानं उन्हात बंद पडलेलं बसस्टँड काढलं होतं, धुळीचं, वरून फिक्कट पांढरं आकाश, कडेला सावलीच्या पट्टीत सगळी माणसं एकामागं एक चिकटून उभी. रंग बरेच मळले होते, पर्स्पेक्टिव्ह चुकलं होतं. बक्षीस त्यालाच दिलं. बाकीचे परीक्षक नाराज झाले.

आपल्याकडची हुरहूर कोरडी आहे, ताई. ती काढायला शिकायची तर डोळ्याला जरा वेगळी सवय लावावी लागते. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, दूरचं धूसर होत नाही. मुंबईच्या ओलसर हवेत मागची इमारत आपोआप निळी आणि मऊ होते. आपल्याकडं एप्रिलमध्ये फर्लांगभरावरची पाण्याची टाकीसुद्धा कापून चिकटवल्यासारखी दिसते. म्हणजे खोली आणायला धुकं मिळत नाही, ती टोनमधून, म्हणजे रंगाच्या फिक्या-गडदपणातून, आणावी लागते. धूळ मात्र मदत करते. संध्याकाळी गुरं किंवा एसटी गेली की रस्त्यावर माणसाच्या कमरेएवढा एक गढूळ गुलाबी थर तरंगतो, पाय त्यात बुडतात आणि डोकी स्वच्छ राहतात. तो मी वीस वर्षं काढतोय, अजून मनासारखा जमलेला नाही.

उजेड बदलला आहे हेही लक्षात घ्या. या चित्रांतल्या रात्रीच्या उबेचा मोठा वाटा सोडियम दिव्यांचा होता. तो नारिंगी उजेड 2000 केल्विनच्या आसपासचा (उजेडाच्या रंगाचं हे माप, आकडा जितका कमी तितका उजेड तांबडा), म्हणजे घरच्या जुन्या बल्बपेक्षाही (तो साधारण 2700) जास्त तांबडा. त्यात एक खोड होती. त्याखाली बाकीचे रंग मरायचे, लाल साडी तपकिरी दिसायची, हिरवी काळी. त्यामुळं सगळा चौक एकाच रंगात बुडायचा, आणि एकाच रंगात बुडालेलं काहीही जुनं वाटतं, जुन्या फोटोसारखं. 2015 नंतर गावोगाव एलईडी आले, बहुतेक पांढरे निळसर, 5000 ते 6500 केल्विनचे. उजेड वाढला, बायाबापड्यांना रात्री चालायला बरं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज तुम्ही गोलाईत रात्री बसून नारिंगी चौक काढलात तर ते आठवणीतलं चित्र झालं, समोरचं नाही. आता रस्ता थंड आणि दुकानाच्या आत कुठंतरी ऊब. इमर्तीच्या कढईखालची भट्टी, देवघरातला लाल बल्ब, फळांच्या गाड्यावरचा एक दिवा. म्हणजे बघा, पूर्वी शोधून आणावा लागायचा तो शेजारचा थंड रंग आता महानगरपालिकेनं फुकट दिलाय. घ्या की.

जुन्या घरांची चित्रं काढण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी लातूरच्या आहात म्हणून लिहितो. पुण्याचा वाडा चित्रात आला की गोड वाटतं. आपल्याकडं माळवदाचं जुनं घर, जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, हे काढताना माझा हात थांबतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत, आणि किल्लारी-सास्तूर भागात त्याच भिंतींखाली हजारो माणसं गेली. उन्हाळ्यात ज्या भिंती गारवा द्यायच्या, त्याच. भूकंपानंतर मी दोन वर्षं तसल्या भिंतीवर सोनेरी ऊन टाकलं नाही, जमलंच नाही. पुढं काढायला लागलो तेव्हा भिंतीच्या फटी, बाहेर आलेले दगड, पोट सुटलेला कोपरा हे लपवणं बंद केलं. ऊन तेच राहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तसं एक चित्र बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे घर उभंय का अजून?" माझ्या चित्राबद्दल आजवर जे बोललं गेलं, त्यातलं हे एकच वाक्य मी जपून ठेवलंय.

आणि शहराची हुरहूर ही काही नवी, बाहेरून आलेली गोष्ट आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला अजिंठ्याला न्या, 17 क्रमांकाच्या लेण्यात. पाचव्या शतकातलं काम. विश्वंतर जातकातला (जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट) राजपुत्र हद्दपार होऊन निघालाय, रथ बाजारपेठेतून चाललाय, दुकानदार आपापल्या दुकानातून बघतायत. शहर सोडून जाणारा माणूस आणि आपापल्या कामात असलेलं शहर. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, हिरवी माती, बहुतेक सगळे इथलेच. लाजवर्द दगडाचा निळा तेवढा दुरून आलेला आणि म्हणून जपून वापरलेला. लेण्यातल्या मंद उजेडात डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढा थांबा. गाइड घाई करतो, त्याला चहाला पाठवा. मग बघा, गेरूच्या तांबड्या अंगांना ती मळकी हिरवी कशी तापवते. परभणीच्या उस्तादांना मी हे सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, "हां, जमीन गहरी है."

आता तुमच्या गोलाईबद्दल, कारण तिथं तुमचं भाग्य थोर आहे आणि तुम्हाला त्याची कल्पना नाही. रस्त्याच्या चित्रांत आपण सगळे एकच युक्ती वापरतो. रस्ता एका बिंदूला मिळतो, दोन्हीकडं इमारती लहान होत जातात, नजर आपोआप आत ओढली जाते. गंजगोलाई ही युक्ती चालू देत नाही. मधे जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार, सोळा रस्ते येऊन मिळतात. समोरची दुकानांची ओळ सरळ नाही, ती वळते. म्हणजे संध्याकाळचं ऊन तिच्यावर एकसारखं पडत नाही. पूर्वेकडच्या कमानीच्या मध्यावर तापलेलं, मग वळणाबरोबर हळूहळू निवत, शेवटी निळ्या सावलीत. रांजण रंगवताना उजेडाकडून सावलीकडं जो वॉश आपण मुलांना शिकवतो, अगदी तोच वॉश, पण दुकानांवर, पाट्यांवर, शटरवर. ऊन आणि थंड यांच्यामधला प्रत्येक रंग एकाच ओळीत मांडून ठेवलेला. पुण्याच्या कुठल्या सरळ गल्लीत हे नाही.

बसायला पश्चिम बाजूला एखाद्या दुकानाची पायरी मागून घ्या, मंदिर तुमच्या आणि समोरच्या कमानीच्या मधे येऊ द्या. मे महिन्यात गेलात तर साडेसहाला कागद तयार पाहिजे, सातला खेळ संपतो. आपल्याकडं रंग किती लवकर सुकतो हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, कारण पुस्तकं दमट गावात लिहिली जातात. मे महिन्यात वॉशची कड मी पाणी घ्यायला वळेपर्यंत धरते. म्हणून 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवा, खालचं पाणी वरचा वॉश थोडा वेळ ओला ठेवतं. झारीऐवजी न्हाव्याकडं असतो तसला फवारा ठेवा. पाण्याच्या बाटल्या दोन, एक रंगाला, एक प्यायला, आणि त्या अदलाबदल होऊ देऊ नका. मी एकदा हिंगोलीच्या बाजारात पेन्स ग्रे, म्हणजे निळसर काळा रंग, प्यायलोय. पहिल्या चार-पाच वेळा रंग नेऊच नका, पेन्सिल न्या आणि फक्त तीन टोनांत ऊन, अर्धी सावली, पूर्ण सावली एवढंच मांडा. कोपऱ्यात वेळ लिहा. तारीख नाही लिहिली तरी चालेल, वेळ लिहा.

लोक जमतील. "मॅडम, माझं दुकान एवढं भारी कुठंय" असं कुणीतरी म्हणेल. त्याला उत्तर देत बसू नका, पाटीवरचं नाव तेवढं नीट काढा, तो तुम्हाला उद्या खुर्ची देईल. वायरी, फ्लेक्स, एसीची खोकी काढायची की गाळायची, हे तुमच्यावर. मी वायरी ठेवतो, निदान दोन-चार, संध्याकाळी त्यांच्यावर एक बारीक तांबडी रेघ चमकते ती मला सोडवत नाही. फ्लेक्सवरचे चेहरे मात्र गाळतो. आयुष्यभर बोर्ड रंगवलेल्या माणसाचा तो राग आहे, तुम्हाला तो असण्याचं कारण नाही.

सरांना चित्रं दाखवाल तेव्हा मुळिकांचं नाव घेऊ नका. गोलाईची पाच स्केचेस टेबलावर ठेवा, वेळेच्या क्रमानं, आणि गप्प बसा.

प्रिंटचं राहिलं. घ्या, जरूर घ्या, मॅट कागदावरची घ्या, चकचकीत नको. एकच करा, ट्यूबलाइटच्या समोरच्या भिंतीवर लावू नका. त्या पांढऱ्या उजेडात पिवळा निम्मा मरतो. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, थेट ऊन येत नसेल तिथं. पाच-सात वर्षांत ती थोडी फिकी होईल, होऊ द्या, तोवर तिथं लावायला तुमचं एखादं झालेलं असेल.